टॅपेट वाजत नाहीत

आलमबाग, लखनौ
९ ऑक्टोबर १९९४

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग मनातल्या मनात घातला असं समज, कारण आत्ताच ट्रकखालून बाहेर आलोय आणि कोपरापर्यंत काळं तेल आहे.

डोकं फिरलंय म्हणून लिहितो. ट्रकचे टॅपेट वाजायला लागलेत. सकाळी गाडी चालू केली की टक-टक-टक-टक, कुणी बॉनेटखाली बसून सुपारी फोडत असल्यासारखं. गरम झाली तरी पुरतं थांबत नाही. समोरचे मिश्राजी रोज खिडकी उघडून म्हणतात, "फ़ौजी साहब, कुछ हमारी नींद का भी ख़याल कीजिए." बावीस वर्षं फौजेत गाड्या चालवल्या, कुणी एक बोट दाखवलं नाही. आणि आता हा गंजीफ्रॉकातला माणूस मला ऐकवतो. पेन्शनीत हा ट्रक घेतला तेव्हा तूच म्हणाला होतास, बाहत्तरचं मॉडेल आहे, इंजिन तुला पुरून उरेल. ते इंजिन रोज गल्लीत माझी अब्रू काढतंय.

इथला मिस्त्री म्हणतो, इंजिन ऑइलमध्ये दोन लिटर नव्वद नंबर ओता, आवाज बंद. "गारंटी है साहब." छेदीलाल म्हणतो नव्वद घालू नका. छेदीलाल म्हणजे माझा क्लीनर, पन्नाशीचा, सात वर्षं माझ्याबरोबर आहे. गाडी चालवता येत नाही आणि मला तेल शिकवतो! त्याला चांगलाच झापला.

जानकीपुरमला नवी घरं उठतायत. भट्ट्या सुरू झाल्या की विटांच्या रोज दोन फेऱ्या मिळतील. गाडी धड हवी. कुठलं तेल घालू ते लगेच कळव.

तुझा
निरंजन


मिरज
१८ ऑक्टोबर १९९४

चि. निरंजन,

आशीर्वाद, आणि जोडीला एक थोबाडीत.

नव्वद नंबर हे गिअर ऑइल आहे, गाढवा. ते गिअरबॉक्सात घालतात. इंजिनात ओतलं तर आवाज जातो हे खरं, पण चार दिवस. गाडी विकायला काढली की लोक हेच करतात. गिऱ्हाईक वळणाआड गेलं की आवाज परत येतो. तुमच्या तिकडच्या जानेवारीत ते काकवीसारखं घट्ट होऊन तळाशी बसेल, आणि वर रॉकरपर्यंत चढेस्तोवर लोखंड लोखंडावर घासत राहील. त्या मिस्त्रीला माझ्या गॅरेजात एक दिवस पाठव, मी त्याला गारंटी दाखवतो.

आता नीट वाच. गाडी गरम असताना जुनं तेल काढ. फिल्टर नवा घाल. तेल वीस-चाळीस, मल्टिग्रेड, सीलबंद डब्यातलं. ते थंडीत पातळ राहतं आणि लवकर वर चढतं. त्यानंतर वरचं झाकण काढून फीलर गेजच्या पातळ पत्त्या घालून टॅपेटची फट सेट कर. इनलेटला आठाची पत्ती, एक्झॉस्टला बाराची. पत्ती किंचित ओढ खात सरकली पाहिजे. सैल गेली तर फट जास्त, आणि फट जास्त तर आवाज. तेल अर्धं काम करतं, उरलेलं अर्धं पत्तीचं. तू अर्ध्यावर सोडणारा माणूस आहेस म्हणून दोनदा लिहितो: पत्ती विसरू नकोस.

छेदीलालला माझा नमस्कार सांग. तुमच्या दोघांत अक्कल त्याला आहे.

अबोलीसाठी सांगलीचं एक स्थळ आलंय. माणसं फार चौकस आहेत, घराण्याची सात पिढ्यांची चौकशी चाललीय. माझं टाळकं त्यानंही तापलेलं आहे.

दादा


आलमबाग
८ नोव्हेंबर १९९४

ती. दादा,

दिवाळी पार पडली. तुझी थोबाडीत पोचली.

तेल बदललं. वीस-चाळीसच घातलं, सील माझ्या हातानं फोडलं. आवाज थोडा कमी झालाय, पण आहे. पत्ती अजून लावली नाही. मला दहा-बारा दिवस कणकण आणि खोकला आहे, वाकलं की बरगडीत कळ येते. हवा बदलली की होतंच. कल्पना डॉक्टर डॉक्टर करून डोकं खातेय. गाडीत आवाज, घरात आवाज. दोन्हीकडून बेजार आहे.

सांगलीच्या लोकांना सांग, मुलीचा काका फौजेतून तंदुरुस्त परत आलाय.

निरंजन


मिरज
२० डिसेंबर १९९४

निरंजन,

दीड महिना झाला. मी दोन कार्डं टाकली, तुझं एक नाही. शेजारच्यांच्या फोनवर फोन केला तर कल्पना "सगळं ठीक आहे, कामात आहेत" म्हणाली आणि तीन मिनिटांच्या आत ठेवून दिला. मी काय एसटीतला अनोळखी माणूस आहे का? तेल विचारायला बरा दादा आठवतो. पत्ती लावलीस की नाही, एवढं एका ओळीत कळवायला तुला काय पालखी पाठवू?

अबोलीचं सांगलीला ठरलं. मेमध्ये लग्न.

दादा


आलमबाग
१७ जानेवारी १९९५

ती. दादा,

रागावू नकोस. मध्ये गाडी दारातच उभी होती, मलाही जरा विश्रांती हवी होती. अबोलीचं ठरलं हे वाचून फार बरं वाटलं.

आणि आता ऐक. दोन महिन्यांनी परवा गाडी काढली. धुकं इतकं की स्वतःचा बंपर दिसत नव्हता. किल्ली फिरवली आणि दादा, आवाज नाही! टॅपेट वाजत नाहीत. साफ गेला. इंजिन नुसतं खालच्या पट्टीत घुमतंय. तुझ्या तेलाला मानलं. पत्ती लावायची गरजच उरली नाही.

पण लोकांची वृत्ती बघ. छेदीलाल हात हलवून सांगतोय की आवाज वाढलाय, गाडी उभी राहून राहून आणखी बिघडलीय. मिश्राजी अजून खिडकीतून तोंड हलवतात. एकदा नाव पडलं की पडलं! गाडी गप्प झाली तरी यांची तक्रार चालूच. आणि सगळ्यांना हल्ली काय झालंय कळत नाही, तोंडातल्या तोंडात बोलतात. कल्पना तर भाजी निवडत भाजीशी बोलावं तशी पुटपुटते, आणि दोनदा विचारलं की एकदम किंचाळते. हज़रतगंजच्या चौकात मागच्या बसवाल्यानं हॉर्न न देता गाडी माझ्या अंगावर घातली. खाली उतरून त्याची कॉलर धरली. उलट त्याच्या बसमधले लोकच माझ्यावर धावून आले.

लोक बिघडलेत दादा, गाडी नाही.

निरंजन


मिरज
२७ जानेवारी १९९५

चि. निरंजन,

पत्र वाचून गॅरेजात मोठ्यानं हसलो. तीस वर्षं हेच सांगतोय की तेल बघून घाला, पण ऐकतो कोण! काल एका ट्रकवाल्याला तुझंच उदाहरण दिलं. म्हटलं, लखनौच्या थंडीत माझ्या भावाचा बावीस-तेवीस वर्षांचा ट्रक माझ्या तेलानं गप्प झालाय, तुझ्या गाडीची काय कथा.

पत्ती लावायला हवी होती, तरी आवाज गेलाय म्हणतोस तर राहू दे.

मिश्राजींना सांग, कानात कापूस घाला. कल्पना पुटपुटतेय म्हणजे तुझ्यावर चिडलीय. तिला हज़रतगंजात नेऊन एखादी चिकनकारीची साडी घेऊन दे.

दादा


आलमबाग
२४ फेब्रुवारी १९९५

ती. दादा,

 रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मंगळवारी जानकीपुरमला विटा उतरवायला गाडी मागे घेत होतो. छेदीलाल मागे उभा. मागे घेताना क्लीनरनं हाक द्यायची आणि ड्रायव्हरनं त्या हाकेवर जायचं, ही साधी रीत. "आने दो, आने दो, रोको." सात वर्षं हेच करतोय. त्यानं "रोको" म्हटलंच नाही. गाडी विटांच्या थप्पीवर गेली आणि त्याचा उजवा हात फाळक्यात सापडला. मनगट आणि तीन बोटं चिरडली. डॉक्टर म्हणतात बोटं पुन्हा वळणार नाहीत.

तिथले मजूर मलाच शिव्या देत होते, त्यांचे हातवारे दिसत होते. मी ठेकेदाराला स्पष्ट सांगितलं, क्लीनरनं आवाज दिला नाही, बिडी ओढत उभा असणार. चूक त्याची. त्याला कामावरून काढलं. वाईट वाटतं रे, पण हाकेवर ज्याचं लक्ष नाही असा माणूस मागे उभा करून मी गाडी कशी चालवू? उद्यापासून एकटाच नेणार आहे.

आणि या बाबतीत कल्पना माझ्याशी बोलत नाही. नवऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं सोडून क्लीनरच्या घरी जाऊन बसते!

निरंजन


आलमबाग
२५ फेब्रुवारी १९९५

ती. दादांना,

कल्पनाचा नमस्कार. हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय आणि आज शिष्टाचार पाळायच्या मनःस्थितीत नाही. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू दे.

तुमच्या तेलाचं कौतुक बंद करा. गाडी वाजते. चौराह्यावरून वळली की मला स्वयंपाकघरात कळतं की हे आले. ऑक्टोबरपेक्षा दुप्पट वाजते. गप्प झालेत ते यांचे कान.

नोव्हेंबरात यांच्या छातीत पाणी झालं होतं. क्षयाचं. बाटलीभर काढलं, आणि रोज एक अशी साठ इंजेक्शनं झाली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, या औषधानं काहींचा कान जातो, कान वाजायला लागले तर त्याच दिवशी येऊन सांगा. डिसेंबरात हे दुपारी पडल्या पडल्या मला म्हणायचे, "छेदीलालला सांग, गाडी बंद कर, टॅपेट डोक्यात जातायत." गाडी दारात बंदच असायची, दादा. मी तसं सांगितलं की हसायचे आणि म्हणायचे, बरं, भास झाला. मला वाटलं तापाचा परिणाम. मीही डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याचा राग मला स्वतःचा येतो आणि तो कुणावर काढू ते कळत नाही.

तुम्हाला का कळवलं नाही विचाराल. तुमच्या सांगलीच्या चौकस माणसांमुळे. घरात क्षय आहे हे मिरजेला पोचलं तर अबोलीचं मोडेल म्हणून यांनी मला शपथ घातली. शेजारच्यांकडे तुमचा फोन आला तेव्हा भिंतीपलीकडे हे खाटेवर खोकत होते आणि मी एका हातानं रिसीव्हर झाकला होता.

आता यांना मोठ्यानं बोललं तर म्हणतात ओरडतेस कशाला, हळू बोललं तर म्हणतात पुटपुटतेस. कान दाखवू या म्हटलं तर ताट सारून उठतात. त्यांना खरंच कळत नाही की कळूनही मानायचं नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. आणि तुम्ही मिरजेत बसून लिहिता, कापूस घाला, साडी घे! तुमचं ते पत्र यांनी मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघ, दादालाही पटलंय.

काल छेदीलालची बायको दारात आली होती. भांडायला नव्हती आली. इतकंच विचारत होती, "साहब ने सबके सामने क्यों कहा कि इन्होंने आवाज़ नहीं दी? अब कौन रखेगा इन्हें?" हात गेला तो गेला, वर नाव गेलं. जानकीपुरमचा एक ठेकेदार त्याला आता चौकीदार म्हणूनही उभा करत नाही. 

हे आज सकाळी एकटे गाडी घेऊन गेले. रस्त्यात शाळा आहे. मी दिवसभर दारात उभी होते. माझं हे ऐकत नाहीत, ऐकलं तर तुमचंच ऐकतील. काहीतरी करा.

कल्पना


मिरज
५ मार्च १९९५

सौ. कल्पनास,

तू शिष्टाचार पाळला नाहीस ते चांगलं केलंस. सोबतचं पाकीट त्याच्या हातात दे. त्याचं म्हणणं काय ते मला ऐकायचं नाही. मला फक्त एवढं कळव, की त्यानं सांगितलं ते केलं का. सांगलीला मी स्वतः जाऊन सगळं सांगून आलोय. लग्न मोडलेलं नाही. मोडलं असतं तरी चाललं असतं.

दादा


(पाकिटातलं)

निरंजन,

मला तेल विचारतोस आणि छाती लपवतोस? लाज वाटत नाही? आईबाप गेल्यावर तुला कुणी वाढवला? इंजिनात काय ओतावं यावर पानं भरभरून लिहितोस, आणि तुझ्या अंगात साठ सुया टोचल्या त्याची एक ओळ नाही! अबोलीचं लग्न म्हणे. त्या पोरीनं ऐकलं तेव्हा ती दिवसभर जेवली नाही.

मीही तुझ्याइतकाच मूर्ख. तेलानं टॅपेटची फट बुजत नाही हे मला तीस वर्षं माहीत आहे. आवाज आपोआप साफ गेला असं कुणी गिऱ्हाइकानं सांगितलं असतं तर त्याला हाकलला असता. पण माझ्या तेलाची तारीफ होती ना! फुगलो, आणि गावभर सांगत सुटलो.

तू कल्पनाचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस. कुणाचंच ऐकून तुला आता काही कळणार नाही. पत्ती घे. ऑक्टोबरात सांगितलं होतं ते आज कर. इंजिन थंड असताना वरचं झाकण काढ आणि आठाची पत्ती घाल. ओढ खात सरकली तर टॅपेट ठीक आहेत, आवाज नाही, तुझे कान शाबूत आहेत, मी आणि कल्पना दोघं खोटे. खुशाल चालव गाडी, मी जन्मात तोंड उघडणार नाही.

सैल गेली तर किल्ली कल्पनाच्या हातात द्यायची आणि छेदीलालच्या घरी जायचं. आधी तेच, मग मला पत्र.

दादा


आलमबाग
१९ मार्च १९९५

ती. दादा,

तुझं पत्र वाचून इतका संतापलो की पहिले दोन दिवस ते फाडायचं राहिलं होतं एवढंच. कल्पनावर ओरडलो. किती मोठ्यानं ते तिला माहीत, मिश्राजींची खिडकी उघडली एवढं दिसलं.

तिसऱ्या दिवशी झाकण काढलं. तुला खोटं पाडायला काढलं, बाकी कशासाठी नाही. आठाची पत्ती घातली, सुळकन गेली. बाराची घातली, तीही. मग विसाची घातली. दादा, विसाची सैल गेली. बाराही जागी बघितलं. एक धड नव्हता. मी तिथेच गाडी चालू केली आणि सिलिंडर हेडवर हात ठेवला. हाताला खट्-खट् लागत होतं, बोटं बधिर व्हावीत इतकं. कानाला काही नाही. कल्पना दारात कानांवर हात ठेवून उभी होती.

मला फार राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. हातातला पाना भिंतीवर फेकला. मग किल्ली काढून तिला दिली.

काल डॉक्टरांकडे कान तपासला. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, माणसाच्या बोलण्यातलेही पुष्कळ. परत येतील असं ते म्हणाले नाहीत.

आज छेदीलालच्या घरी गेलो, कल्पनाला घेऊन. तुझ्या क्रमानं झालं नाही, एक दिवस उशीर झाला. घाबरलो होतो. उजवा हात गळ्यात बांधून तो खाटेवर बसला होता. मला पाहून उठला, पण 'बसा' म्हणाला नाही. मी म्हटलं, "छेदीलाल, ग़लती मेरी थी. मुझे सुनाई नहीं देता. ठेकेदार के सामने चलकर यही बोलूँगा." माझा आवाज मला नीट येत नव्हता, किती ऐकू गेलं कोण जाणे. तो बोलायला लागला. डाव्या हातानं दाखवून दाखवून बोलला. त्याची बायको त्याला मागे ओढत होती, तो थांबेना. गल्लीतली माणसं जमली. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असतील. मला ओठांवरून 'साहब' तेवढं कळलं. बाकी एक शब्द नाही. पण निघून कसा जाऊ? त्याचं तोंड थांबेपर्यंत उभा राहिलो.

मग कल्पनाला म्हटलं, तो काय म्हणाला ते लिहून दे. ती नको नको करत होती. मी म्हटलं, शब्दन् शब्द लिही, गाळू नकोस. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे तिनं पानभर लिहिलं. मी तिथेच उभ्यानं वाचलं. शिव्या होत्या, त्या बरोबरच होत्या. पोरीच्या लग्नाचं होतं, हाताचं होतं. 'बिडी मी तीन वर्षांपूर्वी सोडली, हे साहेबांना माहीत होतं,' असं होतं. अगदी खाली लिहिलं होतं:

"हमने तीन बार आवाज़ दी थी, साहब. दो बार रोको कहा. तीसरी बार निरंजन कहकर पुकारा."

सात वर्षांत छेदीलालनं मला नावानं कधी हाक मारली नव्हती.

तुझा
निरंजन